गफ्फारभाईचा डोह

गफ्फारभाई पाण्याचा ग्लास आधी नाकाला लावतो आणि मग तोंडाला. घर कोणाचं का असेना. लग्नघर असो, मयतीचं घर असो, नाहीतर तहसीलदाराचं ऑफिस. ग्लास हातात आला की तो डोळे मिटतो, लांब श्वास घेतो आणि समोरच्याला निकाल सांगतो. "टाकीतलं हाय. टाकी धुतली नाई." किंवा, "बोअरचं हाय, पन मडक्याले शेवाळ धरलं." घरी आलेल्या पाहुण्याने असं म्हटल्यावर त्या घरच्या बाईचं तोंड कसं होतं, ते बायकांनाच विचारा.

त्याचे निकाल खरे असतात असंही नाही. निम्मे चुकतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामाने मोठ्या मानाने त्याच्यापुढे सीलबंद बाटली फोडून ठेवली. गफ्फारभाईने वास घेतला आणि भरल्या पंगतीत सांगितलं, "याले नाल्याचा वास हाय." मामा बिचारा घाबरला. त्याने दुसरी बाटली फोडली, तिसरी फोडली. दहा जणांनी बाटल्या हुंगल्या. स्वयंपाकीही भांडी टाकून हुंगायला आला. शेवटी मीच म्हटलं, "वास बाटलीले नाई, गफ्फारभाई. तुह्या सदऱ्याले हाय."

माझं बोलणं लोकांना कधी आवडत नाही, पण खरं होतं ते. ज्या माणसाच्या दारातच घाण वाहते त्याच्या कपड्यांत ती भिनणारच. गफ्फारभाईने बाही नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली. रागावला नाही. "तरीच," एवढंच म्हणाला आणि जेवून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो अत्तर लावायला लागला. ते इतकं, की तो पुलावर असला तरी आमच्या ओसरीवर कळायचं.

त्याचं घर नाल्याच्या अगदी काठावर आहे. आर्णीच्या रस्त्याला लागून आमचं गाव, आणि गावाच्या मधून हा नाला जातो. नाल्याच्या अलीकडे आमची बौद्धांची घरं, पलीकडे मुसलमानांची. गफ्फारभाईचं घर पुलाजवळ एकटंच, धड या वस्तीत नाही आणि धड त्या वस्तीत नाही. त्याच्या दारासमोर नाल्याला डोह आहे. पूर्वी त्यात पाणी होतं. आता जे आहे त्याला पाणी म्हणायचं असेल तर म्हणा. गावातली प्रत्येक मोरी त्यात सुटते, माझीही सुटते. कोंबडीवाला पिसं टाकतो, हॉटेलवाला खरकटं टाकतो, सणासुदीनंतर हार येतात आणि बाकीचं वर्ष प्लास्टिकच्या पन्न्या. वरून काळी साय धरते. पुलावरून जाताना शाळेची पोरं नाक दाबतात, आणि मोठी माणसं तोंड फिरवतात.

गफ्फारभाई पिंजारी आहे. गाद्या-रजया भरणारा. त्याचा बाप धनुकलीने कापूस पिंजायचा, याने विजेची मशीन आणली. आमच्या भागात कापसाला तोटा नाही, त्यामुळे थंडीच्या आधी त्याच्या दारात बायकांची रांग लागायची. कामाची रीत अशी होती. बाईने जुनी रजई आणायची, टाके उसवायचे. आतला कापूस गफ्फारभाई पिंजायला घ्यायचा आणि रिकामी खोळ घेऊन बाई डोहावर जायची. तिथे खोळ धुवायची, दगडावर वाळत घालायची. ओल्या खोळीत कापूस भरता येत नाही, म्हणून ती वाळेपर्यंत बसून राहायचं. आत पिंजलेल्या कापसाचा ढीग आणि बाहेर बसलेल्या बायका. त्याची बायको मेहरून चहा करायची. दोन्ही वस्त्यांच्या बायका तिथे भांडल्या, तिथेच सोयरिकी ठरवल्या.

पाणी नासलं तसं डोहावर खोळ धुणं बंद झालं. मग बाजारात रंगीत ब्लँकेटं आली, तीही स्वस्त. मेहरून वारली. मुलगा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, ईदला येतो. मुलगी ढाणकीला दिली, ती तिच्या संसारात. गफ्फारभाईच्या मशीनवर महिन्यातून एखादी उशी यायची.

अजून एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाकडून आगाऊ पैसा घेतला नाही. बाईने म्हणायचं, "गफ्फारभाई, दिवाळीआधी दोन रजया." की हा कापूस घेऊन कामाला लागायचा. कोणी सांगितलं की बाबा, थोडा बयाना घेत जा, की त्याचं ठरलेलं उत्तर, "जबान हाच बयाना." आणि खरंच, रजईचे पैसे बायकांनी बुडवले नाहीत. आज नाही तर उद्या दिले. त्यामुळे माणूस तोंडाने बोलला म्हणजे ते झालं, हे त्याच्या हाडात बसलेलं.

तर थंडी सरता सरता यवतमाळच्या कुठल्याशा कॉलेजातल्या दोन पोरी गावात आल्या. घरोघर जाऊन विचारायच्या, "तुमच्या गावचा नाला स्वच्छ झाला, तर त्यासाठी दर महिन्याला किती पैसे द्यायला तयार आहात?" गफ्फारभाईला हे कळलं आणि तो अत्तर लावून त्यांच्याबरोबर निघाला. घर दाखवायला, कुत्री हाकलायला, पोरींना उन्हातून सावलीत उभं करायला. प्रत्येक दारात त्यांनी प्रश्न विचारला की हा मालकाच्या तोंडाकडे पाहत राहायचा.

लोकांनी काय आकडे सांगितले म्हणता. रिटायर गुरुजी दोनशे म्हणाले आणि वर पाणी म्हणजे जीवन यावर भाषण दिलं. किराणा दुकानाचा शेठ सरळ पाचशे म्हणाला. ज्याच्याकडे लाइटचं बिल थकलेलं त्यानेही शंभर सांगितले. गफ्फारभाईचा चेहरा दर दारागणिक उजळत गेला.

माझ्याकडे आले तेव्हा मी तूर पाखडत होते. म्हटलं, "एक रुपया नाई."

पोरगी म्हणाली, "आजी, कारण सांगाल? परवडत नाही, की हे सरकारचं काम आहे असं वाटतं, की पैसे नीट वापरले जातील याचा विश्वास नाही?"

"तिन्ही लिही," मी म्हटलं.

गफ्फारभाईला वाईट वाटलं. "वच्छलाबाई, नाला सगळ्यायचा हाय ना."

"घाणही सगळ्यायचीच हाय. पैसे काहून एकट्या मी देऊ?"

शेवटी पोरींनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "माह्याकडून जे लागंल ते." आकडा सांगा काका, असं त्या म्हणायला लागल्या. तो म्हणाला, "आकडा कसा सांगू? रजई उसवल्याबिगर कापूस किती लागते ते कळते का?" पोरी हसल्या, कागदावर काहीतरी लिहून आर्णीच्या गाडीने निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचं काम झालं होतं.

गफ्फारभाईचं सुरू झालं. होळी झाली आणि तो पैसे गोळा करायला निघाला. कोण किती बोललं ते त्याला तोंडपाठ होतं. मी त्याच दिवशी दळण आणायला गेले होते, म्हणून मला गुरुजींच्या ओट्यावरचं सगळं ऐकायला मिळालं.

"गफ्फारभाई, तो सर्व्हे होता," गुरुजी समजावत होते.

"हो. त्यातच तुम्ही दोनशे म्हणले."

"सर्व्हे म्हणजे नुसता अंदाज घेतात."

"मंग अंदाजे दोनशे द्या."

गुरुजींनी चष्मा पुसला, घरात पाहिलं, आणि पेन्शन अजून झाली नाही म्हणाले. शेठने तर हात जोडले. "अरे भाऊ, पोरी दुकानापुढं उभ्या. शंभर म्हणलं असतं तं दुकानाची काय इज्जत राह्यली असती?"

"मंग इज्जतीचेच द्या," गफ्फारभाई म्हणाला. त्याला खरंच चेष्टा करायची नव्हती. शेठने त्याला गुळाचा खडा दिला आणि वाटेला लावलं.

असं घरोघर चाललं. कोणी म्हणालं, आत्ताच जयंतीची वर्गणी दिली. कोणी म्हणालं, उरूस तोंडावर आहे. आमच्या गावात वर्गणी द्यायला लोक मागेपुढे पाहत नाहीत, पण तिला मांडव लागतो, बाजा लागतो, माइकवर नाव घ्यावं लागतं. चिखलापुढे उभं राहून नाव कोण पुकारणार?

पुलाजवळच्या हॉटेलवाल्या बबनने मात्र वेगळं सांगितलं. तो तळणीतून मान न काढता म्हणाला, "चाचा, आधी साफ तं होऊ द्या. साफ झाला का माह्याकडून घेऊन जा."

बबनने त्याला कटवायला म्हटलं होतं. कोणालाही कळलं असतं. पण गफ्फारभाईने पैसे मागणं तिथेच थांबवलं. संध्याकाळी माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "चूक माहीच झाली, बाई. रजई भरल्याबिगर मी कधी पैसे मागतले का? आधी काम, मंग पैसे. बबन बरोबर बोलला."

"बबन तुले टोलवून राह्यला."

"जबान दिली त्यानं. चार लोकं होते तिथं."

मला वाटलं, हे खूळ दोन दिवसांत उतरेल.

ते उतरलं नाही. उन्हाळ्यात त्याने मशीन विकली. दिग्रसकडचा कोणी गादीवाला टेम्पो घेऊन आला. मशीन टेम्पोत चढवताना गफ्फारभाईने तिच्यावर गोणपाट टाकलं, कोपरे नीट खोचले. मी पुलावरून पाहिलं आणि खाली उतरून गेले.

"आता खाशील काय?"

"पोरगा पाठवते."

"पाठवते?"

"पाठवीन म्हणलं हाय त्यानं."

मी त्याला मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, "चहा घेतेस का?" मी नको म्हटलं, कारण मला राग आला होता.

दोन दिवसांनी त्याच पैशांतून जेसीबी आला. डोहातून जे काही निघालं ते पाहायला सगळं गाव पुलावर. पन्न्यांचे थरावर थर, फुटका कूलर, मोटारसायकलचं टायर, गणपतीच्या मूर्तीचा हात. वास असा सुटला की बबनला दुपारी हॉटेल बंद ठेवावं लागलं. गफ्फारभाई काठावर छत्री घेऊन उभा होता. त्याने कडेने एक चर खोदून घेतला आणि मोऱ्यांचं पाणी त्यातून पुलाखाली काढून दिलं. मग गाळाखालची रेती लागली. जेसीबीवाला म्हणाला, झालं काका. गफ्फारभाई म्हणाला, "अजून हातभर." हातभर रेती निघाली आणि तळातून पाणी पाझरायला लागलं. जुना झिरा होता तो, गाळाखाली दबून राहिलेला. आठवडाभरात डोहात गुडघाभर पाणी झालं. आरशासारखं नव्हतं. पण तळाचा दगड दिसत होता, आणि तो मी कितीतरी वर्षांनी पाहिला.

लोक आले. तरण्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. गुरुजींनी पुलावर उभं राहून हे जनशक्तीचं काम आहे असं सांगितलं. शेठने हार आणला आणि गफ्फारभाईच्या गळ्यात घालून स्वतःचा फोटो काढून घेतला. गफ्फारभाई दोन दिवस हरखून गेला होता. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा निघाला पैशांना.

आता सांगते काय उत्तर मिळालं. गावभर एकच मिळालं, जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. "चाचा, आता तं साफ झाला. आता पैसे कायले?"

बबन हेच म्हणाला. शेठ हेच म्हणाला. गुरुजींनी हेच शुद्ध भाषेत सांगितलं. एका विधवा बाईने पन्नास रुपये दिले, तिने सर्व्हेत पन्नासच सांगितले होते. बाकी गावाने हात झटकले. नाला घाण होता तेव्हा साफ झाल्यावर देऊ, आणि साफ झाला तेव्हा आता कशाला. मधला दिवस, ज्या दिवशी पैसे निघतात, तो आमच्या गावात उगवतच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. चर कच्चा आहे. पावसाळ्यात तो फुटेल आणि मोऱ्यांचं पाणी पुन्हा डोहात येईल. चर पक्का बांधायचा तर गावाने पैसे काढायला हवेत आणि गाव काढणार नाही. हे मला माहीत आहे आणि गफ्फारभाईलाही माहीत असावं.

त्यानंतर तो तीन-चार दिवस दिसला नाही. पाणी हुंगायलाही कोणाच्या घरी गेला नाही. मला वाटलं, आता हा माणूस खचला. मशीन गेली, पैसे गेले, गावाने तोंडघशी पाडलं. सकाळीच उठून मी त्याच्याकडे निघाले. चांगलं सुनवायचं ठरवून निघाले होते. सांगितलं होतं तेव्हा ऐकलं नाहीस, आता मुलाला फोन लाव आणि वणीला जाऊन राहा, असं सगळं मनात मांडून गेले.

गफ्फारभाई डोहाच्या काठावर पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून दगड लावत होता. कपडे धुवायचे चपटे दगड, जेसीबीने गाळाबरोबर बाहेर फेकलेले. ते धुऊन पुन्हा पाण्याच्या कडेला बसवत होता. दगड बसवायचा, त्यावर उभं राहून हलतो का पाहायचा, खाली खडी सारायची. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "जयभीम, बाई. तुह्या घरी जुनी रजई हाय ना?"

"हाय. तिचं काय?"

"खोळ धुतली का औंदा?"

"खोळ धून काय करू? मशीन विकली ना तू. कापूस काय दातानं पिंजशील?"

"पिंजायचा नाई आता. खोळ तेवढी धून घे म्हणतो."

"घरी नळ हाय मले."

त्याने अजून एक दगड उचलला. जागेवर ठेवला. हलत होता, म्हणून काढला, पुन्हा ठेवला.

"घरी काय," तो म्हणाला, "घरी वाळत घातली का बाई आपल्या कामाले लागते. इथं वाळेपर्यंत बसावं लागते."

मी त्याच्या ओसरीकडे पाहिलं. ओसरी सारवलेली होती. चटई अंथरलेली होती, एकट्या माणसाला लागते त्याहून पुष्कळ मोठी. भिंतीशी फळीवर कप पालथे घातले होते. मेहरूनचे कप. ते बहुतेक पेटीतून काढून, घासून ठेवले असावेत. किती दिवसांपासून ते असे घासून ठेवलेले होते, मी विचारलं नाही.

जे सुनवायचं होतं ते मी सुनवलं नाही. घरी गेले, रजईचे टाके उसवले, कापूस चादरीत बांधून माळ्यावर टाकला आणि खोळ घेऊन परत आले. गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, तरी धुतली. पाणी गार होतं. खोळ आम्ही दोघांनी दोन टोकं धरून पिळली आणि वरच्या मोठ्या दगडावर पसरली.

मग चटईवर बसलो. गफ्फारभाईने चहा केला. साखर फार झाली होती, ते मी त्याला सांगितलं. तो बोलायला लागला. कोणती बाई कोणत्या दगडावर बसायची, कोणाच्या खोळीतून एकदा चांदीची जोडवी निघाली, मेहरून कोणाशी सहा महिने बोलत नव्हती आणि तरी तिला चहा द्यायची. मी कमी बोलले. माझ्याकडे सांगण्यासारखं नव्हतं असं नाही, पण त्याचं आधी साचलेलं होतं. पुलावरून दोन बायका जात होत्या, त्या थांबल्या, आमच्याकडे पाहिलं आणि गेल्या.

वैशाखातलं ऊन. अशा उन्हात खोळ वाळायला असा कितीसा वेळ लागतो? चहाचा दुसरा कप संपला तसा गफ्फारभाई उठला, दगडाजवळ गेला, खोळीवर हात फिरवला. थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग परत आला आणि चटईवर बसला.

"ओली हाय अजून," तो म्हणाला.

मी उठून पाहून आले. कडकडीत वाळली होती, पापडासारखी.

"हो," मी म्हटलं, "खोळीच्या काठाले ओल हाय. बसते मी."